बेचाळीस नंबरचं दुसरं उत्तर

शनिवार, ७ मार्च

कालच्या नोंदीत एक चूक आहे. मी लिहिलं आहे, 'पेपर दाखवताना बेचाळीस नंबरने हुज्जत घातली.' तिने हुज्जत घातली नाही. ती माझ्या टेबलापाशी आली, सातवा प्रश्न उघडून समोर ठेवला आणि म्हणाली, "बाई, शून्य टाकून बघा ना." मी म्हणाले, "आदर्श उत्तरपत्रिकेत एकच उत्तर आहे." ती म्हणाली, "बरं," आणि जागेवर जाऊन बसली. याला हुज्जत म्हणत नाहीत. हुज्जत झाली ती ती गेल्यानंतर, आणि ती मी एकटीच घालत होते.

कालचं वाक्य खोडलेलं नाही. खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची आणि तारीख घालायची, असं बाबांनी शिकवलं आहे.

दुसरी दुरुस्ती. काल मी पाच वाजता घरी पोचले असं लिहिलं आहे. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रश्न असा होता: 'एका संख्येचा वर्ग त्या संख्येच्या सातपट आहे. ती संख्या शोधा. गुण ४.' प्रश्न मी काढला, आदर्श उत्तर मी लिहिलं आणि पेपरही मीच तपासले. उत्तर सात. बेचाळीस नंबरने लिहिलं, '७ किंवा ०'. मी तिला दोन गुण दिले आणि समासात लिहिलं, 'एक काय ते ठरवा.' तिला पन्नासपैकी अठ्ठावीस पडले. तीस पडले तर पुढच्या वर्षी विशेष गणित मिळतं, नाहीतर व्यवहार गणित. व्यवहार गणित वाईट नाही. पण ते घेतलं की तांत्रिक शाखेचं दार बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही.

विशेष गणिताची यादी २० तारखेला, शुक्रवारी, फलकावर लागणार.

सोमवार, ९ मार्च

आज सकाळी दात घासताना शून्य टाकून बघितलं. शून्याचा वर्ग शून्य. शून्याची सातपट शून्य. बसतं. तोंडात ब्रश असल्यामुळे लगेच काही करता आलं नाही.

शाळेत जाऊन बेचाळीसही पेपर पुन्हा काढले. सातवा प्रश्न तेहतीस जणांनी 'सात' असा सोडवला आहे. तेहतीसही जण एकाच वाटेने गेले आहेत: दोन्ही बाजूंना x ने भागायचं, एका बाजूला x उरतो, दुसऱ्या बाजूला सात. शब्दसुद्धा एकच आहेत. परवापर्यंत हे वाचताना मला अभिमान वाटत होता. वर्गाने एवढं मनापासून ऐकलं असं वाटायचं. शून्याने भागता येत नाही हे सहावीतल्या मुलालाही माहीत असतं. म्हणजे जो x ने भागतो त्याने हात लावण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं, की ही संख्या शून्य नाही. त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

यांना सांगितलं होतं. मी.

आठ जणांना प्रश्न आलाच नाही. उरली एक. ती दुसऱ्या सत्रात दुसऱ्या शाळेतून आली, मी भागायला शिकवलं तेव्हा ती वर्गात नव्हती. म्हणजे हा प्रश्न मी मुलांना घातला असं म्हणता येत नाही. तो मला घातला गेला आणि मला बेचाळीसपैकी एका मुलीइतकंही आलं नाही. (दुरुस्ती, त्याच दिवशी: 'बेचाळीसपैकी एका मुलीइतकं' हे वाक्य बरोबर नाही. मी त्रेचाळिसावी आहे.)

मी भागते, कारण बाबा भागतात. बाबा धरणांच्या आणि पुलांच्या कामांवर नकाशे काढायचे. दर वर्षी नवं काम, नवं गाव. म्हणून सातवीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आईने भाषा शिकवली, बाबांनी गणित. नकाशाच्या तिरक्या टेबलाच्या कोपऱ्यात माझी वही असायची आणि ती घसरू नये म्हणून तिला चिमटा लावलेला असायचा. आठवीत पहिल्यांदा शाळेत गेले. पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा आग लागली असं वाटून मी दप्तर घेऊन बाहेर धावले. अजूनही घंटेला दचकते. मुलांना वाटतं बाई वेळेच्या पक्क्या आहेत.

मंगळवार, १० मार्च

गुणदुरुस्तीसाठी छापील अर्ज असतो. तो मुख्याध्यापिकांच्या हातात द्यावा लागतो, टेबलावर ठेवून चालत नाही. अर्जात 'कारण' या रकान्यात तीन पर्याय आहेत: बेरजेत चूक, उत्तर तपासायचे राहिले, इतर. 'इतर'च्या पुढे अर्धी ओळ जागा आहे.

एका अर्जावर मी 'उत्तर तपासायचे राहिले' यावर खूण केली. मग लक्षात आलं की उत्तर तपासायचं राहिलं नव्हतं, चांगलं तपासलं होतं. तो अर्ज बाद. दुसऱ्यावर 'इतर'च्या पुढे लिहायला लागले आणि जागा 'आदर्श उत्तरपत्रिकेत'पाशीच संपली. तोही बाद.

गणिताच्या वरिष्ठ सरांना विचारायला गेले. त्यांच्या हातात कायम लाकडी पट्टी असते, म्हणून मुलं त्यांना पट्टी सर म्हणतात. त्यांना हे माहीत आहे, आणि पट्टी कधी विसरली तर ते परत जाऊन आणतात. माझ्या पेपरांची पडताळणी त्यांनीच केली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "शून्य का? हं. बसतं खरं." मग पट्टी तळहातावर आपटत राहिले. "मी सही केली तेव्हा काय बघितलं होतं हो?"

"दहा पेपर, सर."

"बेरजा बघितल्या होत्या. बेरजा बरोबर होत्या ना?"

"होत्या, सर."

"झालं तर मग. तिचे दोन वाढवा. कारणात लिहा, बेरजेत चूक."

"पण बेरीज बरोबर आहे, सर."

"ते मला माहितीये हो. अर्जाला माहीत नाही."

मी म्हणाले विचार करते. ते म्हणाले, "विचार कसला करताय? दोन गुणांचा मामला, आणि चेहरा बघा तुमचा. जणू काही दोन माणसं गेली."

माणूस एकही गेलेलं नाही. हे मान्य.

गुरुवार, १२ मार्च

हिशेब पुन्हा मांडला. बेचाळीस नंबरला पूर्ण चार द्यायचे तर 'फक्त सात' हे अर्धं उत्तर ठरतं. मग तेहतीस जणांचे दोन-दोन गुण जातात. त्यांतले सहा जण तीस किंवा एकतीसवर आहेत. ते तिसाच्या खाली येतात. एक वर, सहा खाली.

हे मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढून पाहिलं. तिन्ही पद्धतींनी सहाच येतात.

त्या सहांपैकी एकाने उत्तराखाली लिहिलं आहे, 'बाईंनी शिकवल्याप्रमाणे.'

जिन्यात मुख्याध्यापिका भेटल्या. "तुमच्या वर्गातून चोवीस जण विशेष गणितात जातायत म्हणे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी चोवीस! छान आहे. महिनाअखेरीला तुमच्या कायम होण्याचा कागद पुढे जाईल, त्यात मी हे लिहिणार आहे." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "आणि बरं का, आपली यादी अकरा वर्षांत एकदाही बदललेली नाही. लोक विश्वास ठेवतात तो त्यासाठी."

मी तोंड मिटलं. मिटताना "हो" असा आवाज आला. हे मी बोलले असं धरायचं की नाही, ठरवता आलेलं नाही.

चोवीसमधून सहा वजा, एक मिळवा. एकोणीस.

शनिवार, १४ मार्च

अर्धा दिवस शाळा. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी बेचाळीस नंबर उभी होती. तिच्या हातात विशेष गणिताचं पुस्तक होतं, पुढच्या वर्षीचं, खाकी कव्हर घातलेलं. मी विचारलं, "वाचून झालं?"

"नाही बाई. परत करतेय."

"मुदत संपली?"

"मुदत आहे अजून. पण आता लागणार नाही ना." तिने कव्हर काढलं, सरळ केलं, घडी घालून दप्तरात ठेवलं. कव्हर तिचं होतं.

मी विचारलं, सातव्या प्रश्नात शून्य कसं सुचलं.

"सुचलं नाही. मी टाकून बघते. शून्यापासून सुरू करते, मग एक, मग दोन. शून्य पहिलंच बसलं. मग म्हटलं अजून एखादी असेल, तर सातपर्यंत गेले."

"शून्यापासून का? सगळे एकपासून सुरू करतात."

"माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. मी सुट्टीत त्याच्याबरोबर जाते. लिफ्टमध्ये पहिलं बटण शून्यच असतं ना बाई. तळमजला. लोक तिथूनच तर चढतात." मग म्हणाली, "तांत्रिकला गेले असते तर मलाही परवाना मिळाला असता. मामा म्हणतो, नुसतं पाहून कुणी वायरीला हात लावू देत नाही."

मी म्हणाले, "सातच्या पुढे का नाही गेलीस?"

"गेले होते की. बारापर्यंत. कच्च्या कामात आहे, पेपराच्या मागे. तुम्ही बघितलं नाही?"

नाही बघितलं. शिक्षकांच्या खोलीत परत जाऊन बघितलं. बारापर्यंत आहे. बारापुढे लिहिलं आहे, 'आता लांब लांबच जातंय.' गुणदानात या वाक्याला जागा नाही.

रविवार, १५ मार्च

जेवण झाल्यावर बाबांना सहज विचारल्यासारखा प्रश्न विचारला. "सात," बाबा म्हणाले. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

"अजून काही?"

"अजून काय?"

"शून्य."

वर्तमानपत्र खाली आलं. "शून्य लांबीची भिंत कुणी बांधलेली ऐकलीय का, मॅडम?" नोकरी लागल्यापासून बाबा मला मॅडम म्हणतात.

"भिंत नाहीये, बाबा. नुसती संख्या आहे."

"माझ्याकडे चौतीस वर्षांत नुसती संख्या कधी आली नाही. जी आली ती कशाची तरी लांबी नाहीतर रुंदी होती. शून्य आलं की आम्ही बघायचोच नाही. भागून मोकळे."

आतून आई म्हणाली, "अहो, ती काय विचारतेय ते सांगा. तुमच्या भिंती राहू द्या."

बाबांनी पेन्सिल मागितली, वर्तमानपत्राच्या कडेला दोन ओळी लिहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे कुठून आलं?"

"शाळेत आलं होतं."

"कुणी चुकलं का?"

"हो. एक शिक्षिका."

"नवीन असेल."

"हो."

"तिला शिकवलं कुणी?"

मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा बाबा पुन्हा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या काही लक्षात आलं नाही, हे बरं झालं. त्यांना वाईट वाटलं असतं.

ठरवलं: अर्ज गुरुवारी, १९ तारखेला द्यायचा. यादीच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत अर्धी ओळ नीट लिहून होईल.

सोमवार, १६ मार्च

ऑफिसातल्या काकांकडून पाचवा अर्ज आणला. ते म्हणाले, "बाई, पाचवा हा. पतंग करता की काय यांचे?" मी सांगितलं की चुकतायत. "दुरुस्तीच्या अर्जात चुका?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, लोक एकदाच भरतात आणि देतात. चुकला तरी देतात. तो दुरुस्त करायला आम्ही आहोत ना."

मी म्हणाले, गुरुवारी देईन.

"गुरुवारी कुणाला देणार? मोठ्या बाई गुरुवारी दिवसभर बाहेर. बैठक आहे. गेल्या सोमवारी सूचनावहीत फिरवलं होतं, तुमची सही आहे त्यावर."

वही उघडून दाखवली. माझी सही आहे. खाली तारीखही आहे, सुवाच्य. म्हणजे गुरुवार ठरवला तेव्हा मला हे माहीत होतं. मी विसरले होते असं लिहिणार होते. पण गेल्या वर्षभरातली दुसरी कुठलीही सूचना मी विसरलेली नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

घरी आले तर बाबा शिडीवर, अर्धे माळ्यात. आई खाली शिडी धरून. "गुडघे दुखतात म्हणून बाजारात येत नाहीत, आणि हे बघ." बाबा वरून म्हणाले, "जुने कागद आवरतोय." तोंडावर धूळ होती. एक चिमटा खाली पडला. मी उचलून दिला.

मंगळवार, १७ मार्च

शाळेतून आले तेव्हा माझ्या टेबलावर तीन वह्या होत्या. माझ्या, आठ-नऊ वर्षांची असतानापासूनच्या. वर्गसमीकरणं तिसऱ्या वहीत आहेत, त्या वहीत कागदाचे तुकडे खुणेला घातले होते.

नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. नकाशात नंतर काही बदललं तर तिथे लिहायचं: काय बदललं, केव्हा, कुणी. बाबांनी माझ्या वहीच्या पानापानावर तशी चौकट आखली आहे, पट्टीने, आणि नकाशावर लिहायचे त्या बारीक उभ्या अक्षरात लिहिलं आहे: 'दुरुस्ती १. उत्तर: किंवा ०. दि. १७ मार्च.' खाली सही. तेवीस गणितं. त्यांतल्या चार ठिकाणी वेगळं लिहिलं आहे: 'येथे लांबी आहे. ० चालणार नाही. पुन्हा तपासले.' मी चारही पाहिली. चारही ठिकाणी त्यांचं बरोबर आहे.

माझं उत्तर कुठेच खोडलेलं नाही.

बाहेर गेले. बाबा गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. मला म्हणाले, "त्या शिक्षिकेचं काय झालं?"

"अजून काही नाही. तिने एका मुलीचे दोन गुण कापले. ते परत दिले तर सहा जण खाली येतात. त्यांनी तिने शिकवलं तेच लिहिलं होतं."

"नकाशाप्रमाणे बांधलं का त्यांनी?"

"हो."

"मग बांधणाऱ्यांचा काय दोष? नकाशा चुकला तर ज्याने काढला त्याने चौकटीत सही करायची."

"आणि बांधलेलं? ते पाडायचं?"

"ते वरचे साहेब ठरवतात. बहुतेक वेळा पाडत नाहीत. पण सही नसेल ना, तर त्यांना ठरवताही येत नाही. भिंत तशीच राहते, आणि कुणाला कळतही नाही का वाकडी आहे ते." मग ते म्हणाले, "चौकटीत माझंही नाव घाल म्हणावं तिला. मूळ नकाशा माझा."

मी म्हणाले, तुमचं नाव अर्जात घालता येत नाही, तसा रकाना नाही.

"रकाना नाही," बाबा म्हणाले. "कमाल आहे."

स्वयंपाकघरात आईला विचारलं, बाबांना कसं कळलं. मला अजूनही समजलेलं नाही. आई म्हणाली, "परवा तू पाणी आणायला उठलीस आणि रिकाम्या हातांनी परत आलीस."

पाचवा अर्ज भरला. बाबांच्या अक्षरासारखं बारीक लिहिलं की अर्ध्या ओळीत मावतं. 'इतर: आदर्श उत्तर अपुरे. शून्य हेही उत्तर. चूक माझी. अनुक्रमांक ४२ हिचे ४ गुण व्हावेत.' खाली सही केली. सोबत एक साधा कागद जोडला आहे, त्यावर त्या सहा जणांचे अनुक्रमांक आणि एक वाक्य: 'यांनी मी शिकवल्याप्रमाणे लिहिले. यांचे काय करायचे ते आपण ठरवावे, पण हे माहीत असून ठरवावे.' चोवीस आणि एकोणीस हे दोन्ही आकडेही लिहिले आहेत, म्हणजे कायम होण्याच्या कागदात चुकून चोवीस जायला नको.

पट्टी सरांच्या पडताळणीचा उल्लेख केलेला नाही. बेरजा खरंच बरोबर होत्या.

अर्ज दप्तरात ठेवला आहे, हजेरीपटाच्या आत, घडी न घालता. दोनदा काढून पाहिला. आता काढणार नाही. (दुरुस्ती, त्याच दिवशी: तीनदा.)

द्यायचा दिवस: बुधवार, १८ मार्च. वेळ: सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, म्हणजे पहिल्या घंटेच्या दहा मिनिटं आधी. जागा: मुख्याध्यापिकांची खोली, त्यांच्या हातात. या ओळीच्या खाली दुरुस्तीसाठी चौकट आखलेली नाही.